पोट, मन आणि बाजारभाव

बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा चिडचिडेपणा, उदासपणा आणि अभ्यासाविषयीची अनास्था यांची कारणे बहुधा संस्कारांत वा शिस्तीत शोधली जातात. त्यांच्या पोटाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः मनःस्थितीशी निगडित असलेल्या सेरोटोनिन या द्रव्यापैकी सुमारे ९० टक्के आतड्यात तयार होते. ते थेट मेंदूत पोचत नाही. तथापि आतड्याची खबर व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूला मिळत असते. जंतुविरहित वातावरणात वाढविलेले उंदीर ताणाने अधिक बिथरतात आणि उपकारक जंतू लहान वयातच दिल्यास हा दोष बराचसा सुधारतो, असे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. मुलांबाबतचा पुरावा अद्याप अपुरा आहे आणि खऱ्या नैराश्याला डॉक्टरांचाच सल्ला हवा. परंतु म्हणून आहाराचा प्रश्न दुर्लक्षून चालणार नाही.

आतड्यातील उपकारक जंतू धान्य-कडधान्यांतील तंतुमय भागावर जगतात. नाशिक जिल्ह्याला असे अन्न परके नाही. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई आजही पिकते. शहरात मात्र शाळा आणि शिकवणी यांच्या मधल्या वेळेत विद्यार्थ्याच्या हाती येते ते पाच रुपयांचे तळलेल्या, खारट पदार्थांचे पुडके. हा केवळ जिभेचा दोष नव्हे. स्वस्ताई आणि सोय यांचाही तो परिणाम आहे.

शासनाचे धोरणही याच दिशेने झुकलेले दिसते. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्याला एक अंडे अथवा फळ देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून भार लोकसहभागावर टाकला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटे, नूडल्स व फरसाण यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला, हे खरे. परंतु मुलांच्या दृष्टीने पुडके स्वस्त झाले आणि अंडे दुरावले.

शालेय पोषण आहार आठवीनंतर थांबतो. शरीर आणि मन दोन्ही वेगाने बदलत असतात, नेमक्या त्याच वयात. तो दहावीपर्यंत न्यावा, त्यात नागली व मोडाची कडधान्ये नियमित असावीत आणि अंड्याचा निधी पूर्ववत व्हावा. मुलांना शिस्तीचे धडे देणाऱ्या समाजाने त्यांच्या ताटाचा खर्च उचलण्यास मागेपुढे पाहू नये.