उटण्यातले लिंबू

नवरात्र संपले की दहिवलीत शेजारच्या काकूंच्या ओटीवर सुपे मांडली जातात. मसुरीची डाळ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, संत्र्याच्या वाळलेल्या साली. प्रत्येक जिन्नस वेगळा कुटायचा आणि मलमलच्या जुन्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचा. वर उरलेला चोथा पुन्हा खलात. अंगाला जरा भरड चालते, चेहऱ्याला नाही. कण गालावर ओरखडे काढतात.

लिंबू या सुपांत नसते. ते येते कालवताना. वाटीत दोन चमचे उटणे, थोडे दूध आणि वर रसाचे चार-पाच थेंब. दूध फाटते, लेप दाटसर होतो. थेंबांच्या बाबतीत काकू फार काटेकोर आहेत, आणि ते योग्यच आहे. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच, त्वचेचा पाचच्या आसपास. म्हणजे रस शेकडो पटींनी जास्त आम्ल. त्यातले सायट्रिक आम्ल वरच्या मृत पेशी सैल करते, म्हणून चेहरा तजेलदार दिसतो. अर्धे लिंबू थेट गालावर चोळले, तर मात्र आग होते आणि त्वचा सोलवटते.

खरा धोका सालीत आहे. आपल्या कागदी लिंबाच्या सालीत बर्गाप्टेनसारखी फ्युरानोकुमारिन द्रव्ये रसापेक्षा बरीच जास्त असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की अतिनील किरणांनी चेततात. लगेच काही कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड, मग तपकिरी डाग. तो कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने जात नाही. उल्हास नदीकाठच्या या गावांत दिवाळीच्या सुमारासच भातकापणी चालते. सकाळी तोंडाला लिंबू चोळून दिवसभर शेतात वाकलेल्या बायकांची मला म्हणूनच काळजी वाटते. सरबतासाठी लिंबे पिळून तसेच उन्हात गेलेल्या हातांनाही हेच होते. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात साल दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलावर त्यासाठीच मर्यादा आहे; वाफेने काढलेल्या तेलात ही जड द्रव्ये उतरत नाहीत.

संत्र्याच्या सालीत ती फारच कमी, म्हणून सुपात तिला जागा. लिंबाचा लेप काकू दिवेलागणीनंतरच लावू देतात, पूर्ण सुकायच्या आत धुवायला लावतात, आणि पिळणाऱ्या बोटांना साबण. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग उरकले की ऊन वर येतेच. त्या दिवशीचे उटणे नुसत्या दुधात कालवायचे.