विचार आला, पाय उचलला

2011 मध्ये चीनमध्ये झालेल्या सायकल अपघातात मानेतल्या मज्जारज्जूला मार बसला आणि नेदरलँड्सच्या एका तरुणाचे पाय त्याचं ऐकेनासे झाले. मेंदू धडधाकट होता, पायही जागेवर होते. तुटली होती ती मधली वाट.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ग्रेगवार कूर्तीन आणि न्यूरोसर्जन जोसलीन ब्लॉख यांच्या चमूने ती वाट यंत्राने जोडली. पाय हलवण्याचा हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतो, त्याच्यावर कवटीत दोन गोल चकत्या बसवल्या. प्रत्येकीत 64 इलेक्ट्रोड. मेंदूत सुई खुपसलेली नाही. त्याच्या आवरणावरूनच संदेश टिपले जातात. पाठीवरच्या पिशवीतला संगणक त्यातला हेतू ओळखतो आणि कमरेजवळच्या मज्जारज्जूवरच्या 16 इलेक्ट्रोडना विजेचे हलके झटके द्यायला सांगतो. पाऊल पडतं.

याआधीही त्याच्या मज्जारज्जूला विजेची चालना देऊन झाली होती, पण तेव्हा लय यंत्राची असे. आता थांबायचं की पायरी चढायची, हे तो स्वतः ठरवतो. खरी झेप हीच! सरावानंतर तर यंत्र बंद असतानाही तो कुबड्या घेऊन चालू लागला.

मे 2023 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला हा प्रयोग एकाच रुग्णावरचा आहे, त्यामुळे हे तंत्र घरोघरी पोचायला वेळ लागेल. पण एकदा या तरुणाच्या घरात थोडं रंगकाम निघालं, मदतीला कुणी नव्हतं, तेव्हा त्याने वॉकर घेतला आणि उभं राहून ते स्वतःच उरकलं.