मुक्या जिवाचं पोट दुखतं तेव्हा: कुत्र्या-मांजराचा एक्स-रे आणि सोनोग्राफी

आज आम्ही गाई-म्हशींबद्दल नाही, कुत्र्या-मांजरांबद्दल बोलणार आहोत. आखाड्यावर राखणीला कुत्रा आणि धान्यापाशी उंदरांसाठी मांजर, हे आपल्या सेलू तालुक्यात कितीतरी घरी असतं. पण ती आजारी पडली की आपण म्हणतो, "बघू उद्यापर्यंत." पुष्कळदा ते खपून जातं. पोटाच्या काही दुखण्यांत मात्र उद्या उजाडेपर्यंत जीव राहत नाही.

अशी दुखणी ओळखायची कशी? सारखी उलटी होते. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, ओकारी येते पण बाहेर काहीच पडत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. बोका लघवीला बसून बसून थकतो आणि थेंबही येत नाही. किंवा गाडीची धडक बसलेली असते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना गाठायचं.

डॉक्टर आधी हातानं पोट चाचपतात. तुंबलेलं मूत्राशय हाताला लिंबासारखं घट्ट लागतं, त्याला यंत्र लागत नाही. अशा बोक्याला सोडवलं नाही तर दिवस-दोन दिवसांत तो दगावतो. पण जे हाताला कळत नाही, त्याच्यासाठी दोन यंत्रं आहेत, एक्स-रे आणि सोनोग्राफी. दोन्ही एकच काम करतात असं आपल्याला वाटतं. तसं नाही.

एक्स-रेचे किरण हाडात अडतात, म्हणून हाड फोटोत पांढरं दिसतं. हवेतून ते सरळ पार जातात, म्हणून हवा काळी दिसते. मांस, रक्त, लघवी, पाणी हे सगळं जवळजवळ एकाच राखाडी रंगाचं येतं. त्यामुळे गिळलेलं हाड, सुई, नाणं, खडा एक्स-रेत चटकन सापडतो. पण पोटात रक्त साचलं असेल तर सगळं धूसर होतं आणि ते रक्त की लघवी हे फोटो सांगू शकत नाही.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत सोडतात आणि त्या परत येतात त्यावरून चित्र उमटतं, वटवाघूळ अंधारात वाट काढतं तसंच. पाणी, रक्त, लघवी तिला सहज दिसते, पडद्यावर ती काळी येते. पण हवा आणि हाड यांच्या पलीकडचं तिला दिसत नाही. म्हणून पोट वाऱ्यानं फुगलेलं असलं की सोनोग्राफी अडते आणि एक्स-रे कामाला येतो. डॉक्टरांनी दोन्ही करायला सांगितलं तर ते पैसे काढतात असं लगेच म्हणू नका.

धडक बसलेल्या कुत्र्याचं उदाहरण घेऊ. बाहेरून खरचटलेलंही नसतं, कुत्रा उठून चालतो, आपण निश्चिंत होतो. आत मात्र प्लीहा किंवा यकृत फाटून रक्त झिरपत असतं. अशा वेळी डॉक्टर पोटावर ठरलेल्या चार जागी यंत्र टेकवून पाहतात, काही मिनिटांचं काम. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाडीची धडक बसलेल्या 100 कुत्र्यांना असं तपासलं, तर 45 जणांच्या पोटात पाणी किंवा रक्त सापडलं. सापडलं की सुईनं थोडं काढून पाहतात, म्हणजे रक्त की फुटलेल्या मूत्राशयातली लघवी ते कळतं. पहिल्या वेळी काही दिसलं नाही तरी काही तासांनी पुन्हा पाहतात, कारण झिरपणं हळूहळू असतं.

आता मांजराचं. आपल्यातल्या कितीतरी जणी घरी शिवणकाम करतात. मांजर दोऱ्याशी खेळतं आणि गिळतं, कधी सुईसकट. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात जातं. मग परकराची नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात, तशा आतड्याला चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा आतडं कापत जातो. दोरा स्वतः फोटोत दिसत नाही, गोळा झालेलं आतडं दिसतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका. तसंच मांजर घेऊन निघा.

आंब्याची कोय, मक्याचं कणीस, कापडाचा तुकडा हेही एक्स-रेत नीट येत नाहीत. अडकलेल्या जागेच्या अलीकडे हवेनं फुगलेलं आतडं तेवढं दिसतं. म्हणून "काय खाल्लं असेल" हे तुम्ही सांगणं फोटोइतकंच मोलाचं आहे. घरात काय हरवलंय, उंदराचं औषध कुठं ठेवलं होतं, शेतात फवारणी कधी झाली, शेवटची शी कधी झाली, हे आठवून जा.

कारवानसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचं जठर कधी कधी फुगून पीळ घेतं. उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढला की जठराचे दोन काळे फुगे दिसतात आणि निदान तिथंच होतं. यात काही तासच हातात असतात.

कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी खाणं सोडून पाणीच फार पिऊ लागली, पोट वाढलं, तर घरचे म्हणतात गाभण आहे. गर्भपिशवीत पू झालेला असू शकतो. सोनोग्राफीत हा फरक लगेच कळतो. खरंच गाभण असेल तर साधारण 45 दिवसांनंतर पिल्लांची हाडं एक्स-रेत मोजता येतात. विताना एखादं आत राहिलं का, ते त्यावरून ओळखतात.

सोय कुठं आहे? जवळच्या दवाखान्यात आधी फोन करून विचारा. तिथं फोटोचं यंत्र असेलच असं नाही, पण सलाईन आणि पहिलं इंजेक्शन मिळतं, आणि धक्क्यात गेलेल्या जनावराला फोटोच्या आधी तेच लागतं. पुढची पायरी परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1972 पासूनचं. सेलूहून गाठायला तास-दीड तास धरा. 1962 हा फिरत्या पथकाचा क्रमांक आहे, पण गाडीतच फोटो निघेल असं धरू नका.

नेताना फळीवर किंवा पोत्यावर आडवं ठेवा, पोट दाबू नका. खायला देऊ नका, मीठ पाजून उलटी करवू नका. माणसाची वेदनेची गोळी देऊ नका, मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणी आहे. आणि कुत्रा लाळ गाळतोय, गिळता येत नाहीये, आवाज बदललाय, तर "घशात हाड अडकलं" म्हणून तोंडात हात घालू नका. ते पिसाळण्याचंही लक्षण असतं.

एक्स-रेच्या खोलीत जनावर धरायला माणूस लागतो. गरोदर बाईनं आणि लेकरांनी आत थांबू नये, आणि जो धरेल त्यानं शिशाचा एप्रन मागून घ्यावा. सोनोग्राफीला ही भीती नाही. काढलेली फिल्म घरी जपून ठेवा, मोबाइलवर असेल तर पुसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढला तर डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून, अडकलेली वस्तू पुढं सरकली की तिथंच आहे, ते पाहतात.