मुरमातलं पेट्रोल

२०२१ साली फलटण तालुक्यातल्या सासवडला (पुरंदरचं नव्हे, लोणंदजवळचं) चोरट्यांनी रानाखालून जाणारी मुंबई-पुणे-सोलापूर पेट्रोलवाहिनी फोडली. त्यांनी नेलं ते नेलं. बाकीचं जमिनीत मुरलं, विहिरींत उतरलं. उभी पिकं करपली.

तिथे निदान वासाने गळती उघडी पाडली. रस्त्याकडेच्या बंद पेट्रोल पंपाखालची जुनी लोखंडी टाकी असा बोभाटा करत नाही. गंजाने सुईएवढं भोक पडतं, थेंबथेंब गळत राहतो. पंप मोडतो, त्या जागेवर गाळे उभे राहतात आणि टाकी कुठे पुरली होती हे फक्त तिथल्या म्हाताऱ्या कामगाराला आठवतं. म्हणून शोध घेणारे यंत्राच्या आधी त्यालाच गाठतात.

पुढचं सगळं आपल्या खडकावर ठरतं. साताऱ्या-सांगलीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. वर माती, मग मुरूम, खाली कुठे मांजऱ्या खडक तर कुठे काळा कातळ. पेट्रोल मुरमातून भराभर उतरतं, कातळाला टेकलं की आडवं वळतं आणि भेग सापडेल तिकडे जातं. त्यामुळे टाकी इथे आणि वास चार बांध पलीकडच्या विहिरीला, असंही घडतं. सांगलीकडे कृष्णाकाठची खोल काळी माती ओली असताना सहसा काही झिरपू देत नाही. पण वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

भूजलाला पोचल्यावर पेट्रोल बुडत नाही. पाण्यापेक्षा ते जवळजवळ पाव हिश्श्याने हलकं, म्हणून वरच पसरतं. पावसाळ्यात पाणी चढलं की त्याच्याबरोबर चढतं, उन्हाळ्यात उतरतं आणि दर खेपेला मुरमाच्या खड्याखड्याला लेप देऊन जातं. आपल्या विहिरींचं पाणी वर्षभरात किती वर-खाली होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. तेवढा सगळा पट्टा माखतो! म्हणूनच एकदा नमुना घेऊन भागत नाही, वैशाखातही यावं लागतं आणि दिवाळीच्या सुमारासही.

बोअर किमान तीन लागतात, कारण दोन ठिकाणच्या पातळीवरून पाण्याचा उतार नेमका कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही. नमुन्याची बाटली जेमतेम ४० मिलिलिटरची. तोंडावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत ती भरायची, झाकण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत एक बुडबुडा दिसला तरी नमुना बाद, कारण ज्याचा शोध चाललाय ते पेट्रोलमधलं विषारी बेंझिन त्या बुडबुड्यात निघून जातं.

एवढा काटेकोरपणा का? पेट्रोलमध्ये बेंझिन फार तर १ टक्का, म्हणजे लिटरमागे जेमतेम ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. हिशेब मांडला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन जवळजवळ ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवू शकतं. ५ मीटर व्यासाच्या आणि ५ मीटर पाणी असलेल्या नऊ विहिरी!

आणि या विषाला खाणारे जीव तिथेच, मुरमात असतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजी गावाजवळ १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटली. जमिनीतले जिवाणू ते तेल कसं फस्त करतात, हे शास्त्रज्ञ तिथे १९८३ पासून पाहत आले आहेत. आपल्याकडे यात एक गुंता आहे. उसाच्या मळीचं, रसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं आणि जिवाणू आधी त्यावर तुटून पडतात, जिलेबी असताना भाकरीकडे कोण बघतो तसे. तेवढ्यात भूजलातला प्राणवायू संपतो, बेंझिन तसंच राहतं आणि आणखी लांब वाहत जातं.

प्राणवायू संपला तरी सगळे जिवाणू थांबत नाहीत. काही जण मातीतल्या गंजलेल्या लोहावर श्वास चालवतात आणि आपल्या तांबूस मुरमात ते लोह मुबलक आहे. त्यांनी वापरलेलं लोह पाण्यात विरघळतं. अशा बोअरचं पाणी वर काढलं तर काचेसारखं नितळ दिसतं. बाटली उघडी ठेवून थोडा वेळ थांबावं. हवा लागते, पाणी गढुळतं आणि तळाशी हळूहळू तांबडा गाळ बसू लागतो.