एकबारी रायफल, बदलत्या नळ्यांची
एकबारी रायफल, बदलत्या नळ्यांची : एका वेळी एकच काडतूस भरता येणारी, काडतुसांचा साठा (मॅगझीन) नसलेली आणि एकाच सांगाड्यावर निरनिराळ्या बोअरच्या नळ्या बसविता येणारी, खांद्याला लावून झाडावयाची बंदूक. प्रत्येक बारानंतर नळीचे मागचे तोंड हाताने उघडून रिकामे टरफल काढावे लागते व नवे काडतूस घालावे लागते. ‘एकनळी’ आणि ‘एकबारी’ या संज्ञा भिन्न आहेत. साठ्याची रायफल एकनळी असली, तरी एकबारी नसते.

अशा रायफलीत नळी हाच मुख्य भाग होय. गोळीचा व्यास, वेग, पल्ला व अचूकता नळी आणि काडतूस यांवर ठरतात. सांगाडा फक्त त्यांची वरची मर्यादा ठरवितो. म्हणून निवड करताना प्रथम उद्देश, मग काडतूस, मग नळी आणि शेवटी सांगाडा असा क्रम ठेवणे युक्त असते. भारतात या क्रमाच्या आधी आणखी एक पायरी येते, ती म्हणजे शस्त्रपरवाना.

इतिहास : ठासणीच्या एनफील्ड रायफलीच्या मागच्या तोंडाशी झडप बसवून ती काडतुसाची करण्याची स्नायडर पद्धत ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये स्वीकारली. १८७१ मध्ये तिची जागा मार्टिनी-हेन्री या एकबारी रायफलीने घेतली. हिच्यात दस्त्याजवळची तरफ खाली ओढली, की मागचे तोंड बंद करणारा ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो. हिच्या नळीचे आटे अलेक्झांडर हेन्री यांच्या रचनेचे होते, ०·४५ इंच (सु. ११·४ मिमी.) अंतर्व्यासाच्या या नळीतून सु. ३१ ग्रॅ. वजनाची शिशाची गोळी सुटत असे. धूररहित दारू आल्यावर याच सांगाड्यांवर ०·३०३ बोअरच्या नळ्या चढवून प्रथम मार्टिनी-मेटफर्ड व १८९५ पासून मार्टिनी-एनफील्ड रायफली तयार करण्यात आल्या. मेटफर्ड पद्धतीचे उथळ आटे नव्या दारूच्या उष्णतेने लवकर झिजत, हे या दुसऱ्या बदलाचे कारण होते. सांगाडा तोच ठेवून नळी बदलण्याचे हे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण असले, तरी ते काम शस्त्रशाळेतच करावे लागे.

वापरणाऱ्याला स्वतः नळी बदलता येईल अशी सोय अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांच्या रायफलींत एकोणिसाव्या शतकातच झाली होती. साठ्याच्या रायफली प्रचारात आल्यावर एकबारी रायफल मागे पडली. ती मुख्यत्वे लक्ष्यवेधाच्या छोट्या बोअरमध्ये टिकून राहिली. १९६७ मध्ये अमेरिकेत वॉरेन सेंटर यांनी अभिकल्पिलेले ‘कंटेंडर’ हे बदलत्या नळ्यांचे एकबारी पिस्तूल विक्रीस आले. त्याच सांगाड्यावर पुढे रायफलीच्या नळ्या व दस्तेही मिळू लागले. अधिक दाबाच्या काडतुसांसाठी १९९० नंतरच्या दशकात ‘एन्कोर’ हा मोठा सांगाडा काढण्यात आला. जर्मनीतील ब्लाझर कंपनीची ‘के ९५’ ही याच वर्गातील हलकी रायफल आहे. याउलट १९६७ मधीलच ‘रुगर नंबर १’ एकबारी असली, तरी तिची नळी सांगाड्यात आट्यांनी घट्ट बसविलेली असते व ती कारागिराखेरीज बदलता येत नाही. त्यामुळे एकबारी रायफल म्हणजे बदलत्या नळ्यांची रायफल, असे समीकरण मांडता येत नाही.

रचना : बदलत्या नळ्यांच्या बहुतेक रायफली दुनळी बंदुकीप्रमाणे मध्ये वाकणाऱ्या असतात. नळी सांगाड्याच्या पुढील भागात एका आडव्या खिळीवर फिरते व बंद केल्यावर खालच्या बाजूने अडकते. पुढील लाकूड काढून खिळी सरकविली, की नळी सुटी होते. साठा व मागेपुढे सरकणारा बोल्ट नसल्यामुळे तेवढ्याच लांबीची नळी असूनही रायफलीची एकूण लांबी कमी होते. काही काडतुसांत आघात बुडाच्या कडेवर (उदा., ०·२२), तर काहींत मध्यावर करावा लागतो, म्हणून दोन्ही प्रकारच्या नळ्या घ्यावयाच्या असल्यास सांगाड्यात दोन्ही आघातांची सोय आहे की नाही, हे पाहावे लागते.

निवडीची तत्त्वे : (१) सांगाड्याची ताकद. बार होताना काडतुसाचे बूड सांगाड्याच्या तोंडावर मागे रेटले जाते. हा रेटा केवळ दाबावर नव्हे, तर दाब आणि बुडाचे आतील क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. ०·२२ लाँग रायफल काडतुसात दाब दर चौ. सेंमी.ला सु. १,७०० किग्रॅ., १२ बोअरच्या छर्ऱ्यांच्या काडतुसात सु. ८०० किग्रॅ. आणि ०·३०-०६ काडतुसात सु. ४,२०० किग्रॅ. पर्यंत चढतो. ढोबळ हिशेबाने पहिल्यात रेटा सु. ४०० किग्रॅ., दुसऱ्यात सु. २,००० किग्रॅ. आणि तिसऱ्यात ३,००० किग्रॅ.हून अधिक येतो. १२ बोअरचा दाब ०·२२ च्या निम्माच असूनही तिचा रेटा पाचपट भरतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पुढेमागे घ्यावयाच्या सर्वांत जोरदार नळीस पुरेल असाच सांगाडा आरंभी निवडावा.

(२) नळी व सांगाडा यांची जुळणी. नळी बंद केल्यावर काडतुसाचे बूड आणि सांगाड्याचे तोंड यांत नेमकी फट राहावी लागते. ती वाढली, तर टरफल ताणून फाटते व तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळतो. म्हणून प्रत्येक नवी नळी मापकाने तपासून घेणे अगत्याचे असते. काही निर्माते जादा नळी बसविण्यासाठी सांगाडा कारखान्यात मागवून घेत, ते याच कारणाने.

(३) आट्यांचा पीळ. ०·२२ च्या हलक्या गोळीस ४०६ मिमी. (१६ इंच) लांबीत एक वेढा पुरतो. ०·३०-०६ च्या लांब गोळीस सामान्यतः २५४ मिमी.त (१० इंचांत) एक वेढा लागतो. गोळीच्या लांबीस न जुळणारा पीळ असल्यास महागडी नळीही अचूक ठरत नाही.

(४) नेमयंत्र. माशी किंवा दुर्बीण सांगाड्यावर न बसविता नळीवर बसविलेली असावी. असे असल्यास नळी काढून पुन्हा लावल्यावर नेम फारसा ढळत नाही. तरीही प्रत्येक बदलानंतर लक्ष्यावर दोनतीन बार काढून खात्री करून घ्यावी लागते.

(५) चाप, दस्ता व वजन. चाप व दस्ता सर्व नळ्यांना सामाईक असतात, त्यामुळे हाताची सवय मोडत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. मात्र हलक्या सांगाड्यावर जोरदार नळी चढविल्यास खांद्याला बसणारा धक्का त्रासदायक होतो.

भारतातील स्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे भागही येतात. त्यामुळे जादा नळी ही केवळ सुटा भाग म्हणून बाळगता येत नाही. तिलाही परवान्याचा आधार लागतो. परवानगीवाचून नळी आखूड करणे हाही गुन्हा आहे. एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या १९८३ च्या दुरुस्तीने तीन व २०१९ च्या दुरुस्तीने दोन करण्यात आली. या मर्यादेमुळे एका सांगाड्यावर अनेक नळ्या ही कल्पना आकर्षक वाटते. परंतु कायदा गुळगुळीत नळी व आट्यांची नळी यांत भेद करतो. कलम १३ अन्वये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी वाटल्यास अन्य गुळगुळीत नळीची बंदूक, यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. मान्यताप्राप्त नेमबाजी संस्थांच्या सदस्यांसाठी ०·२२ रायफल व हवाई रायफल यांची तरतूद आहे. इतर रायफलींसाठी सबळ कारण दाखवावे लागते. ०·३०३ हा सैनिकी बोअर नागरिकांस प्रतिबंधित असल्यामुळे इच्छापूर येथील कारखान्यात तयार झालेली ०·३१५ बोअरची साठ्याची रायफल देशात अधिक परिचित झाली. आयातीवरील निर्बंधांमुळे बदलत्या नळ्यांच्या रायफली येथे विरळाच आढळतात.

कायद्यातील या भेदामागे व्यवहार आहे, हे पुणे जिल्ह्यातील नसरापूरच्या परिसरावरून समजते. पुणे–सातारा महामार्गालगतच्या या बाजारगावातून राजगड-तोरण्याकडे वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यात रस्ता जातो. भाताची खाचरे, डोंगरउतारावरील झाडी आणि त्यांमध्ये विखुरलेल्या वाड्या असे येथील भूरूप आहे. रानडुकराने रात्रीतून खाचर उकरले, तर लहान शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य जाते, म्हणून बंदुकीची मागणी खरी असते. परंतु ०·२२ ची गोळी सु. १·५ किमी. पर्यंत, तर ०·३०-०६ ची ४ किमी.हून अधिक अंतर जाऊ शकते. छर्ऱ्यांचा पल्ला त्यामानाने फारच थोडा असतो. दोन वाड्यांतील अंतर पुष्कळदा गोळीच्या पल्ल्याहून कमी असते. मागे मातीचा बांध किंवा चढण नसताना येथे आट्यांच्या नळीतून काढलेला बार चुकल्यास तो कोठे थांबेल, हे सांगता येत नाही. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरालाही मारण्यापूर्वी अधिकृत वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश आवश्यक असतो. त्यामुळे पीकसंरक्षणासाठी बदलत्या नळ्यांच्या रायफलीपेक्षा साधी गुळगुळीत नळीची बंदूक अधिक योग्य ठरते.

एकबारी रायफलीचे खरे क्षेत्र आज नेमबाजीच्या मैदानावर आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील ५० मी. प्रकारात ०·२२ बोअरची (५·६ मिमी.) एकबारी रायफलच चालते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मी. प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तर कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभारलेल्या पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलातही नेमबाजीची सोय आहे. या खेळात बोअर बदलण्याचा प्रश्न येत नाही. पण झिजलेली नळी बदलणे आणि काडतुसांच्या निरनिराळ्या खेपांतून त्या नळीस मानवणारी खेप चाचणीने निवडणे, हा तयारीचा भाग असतो. नवशिक्याने संस्थेच्या ०·२२ रायफलीवर सराव करून मगच स्वतःच्या शस्त्राचा विचार करणे हितावह असते. एकच काडतूस हाती असल्यामुळे नेमबाजाला प्रत्येक बारापूर्वी थांबावे लागते. श्वास, चाप व नेम यांवर ताबा येण्यास हे थांबणे उपयोगी पडते.