मेंदूचा सर्जन कुठे घडतो? न्यूरोसर्जरीची जागा निवडताना

जऊळका स्टेशनावरून एक गाडी अकोल्याकडे जाते, दुसरी वाशीम-हिंगोलीकडे. या भागात मोटारसायकलवरून पडून कुणाच्या डोक्याला मार लागला की नातेवाईकांची धावपळ सुरू होते. आधी वाशीम, मग अकोला, तिथेही जमले नाही तर नागपूर. सिटी स्कॅन होतो, डोक्यात रक्त साकळले आहे असे सांगितले जाते आणि कागदावर सही मागितली जाते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साकळलेले रक्त वेळेत काढले तर तोच माणूस पुष्कळदा आपल्या पायांनी चालत घरी येतो. उशीर झाला तर मेंदू दाबला जातो आणि मग कुणाचाच इलाज चालत नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता ती कवटी उघडणारा बहुधा पाटीवर नाव असलेला प्राध्यापक नसतो. तो असतो निवासी डॉक्टर, म्हणजे अजून शिकत असलेला तरुण. तो कुठे शिकला, कुणाच्या हाताखाली शिकला, हा प्रश्न त्यामुळे डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या घरापुरता राहत नाही. तो आपल्या प्रत्येक घराचा आहे.

आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली एम.बी.बी.एस.ला जात आहेत. 2024 मध्ये खुद्द वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. यातली काही मुले पुढे एम.एस. करतील आणि एखाद्या मुलीच्या मनात मेंदूची सर्जन होण्याचे येईल. तेव्हा आई-वडिलांना वाट ठाऊक असावी. एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, जनरल सर्जरीचे एम.एस. तीन वर्षे, त्यावर न्यूरोसर्जरीचे एम.सीएच. किंवा डी.आर.एन.बी. आणखी तीन वर्षे. काही ठिकाणी एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षे, तीही कुठे वर्ष वाया गेले नाही तर. मजुरी करणाऱ्या घराने एवढा धीर धरायचा, तर शेवटची तीन वर्षे कुठे घालवायची याची चौकशी नीट झालीच पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 1990 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना देशभर अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, आणि एम.बी.बी.एस. व एम.एस.पर्यंत त्या उपयोगी पडतात. सुपरस्पेशालिटीला मात्र हे दार बंद आहे. डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने या पातळीवर आरक्षण नको असे म्हटले, आणि 2017 पासून होणाऱ्या नीट-एसएस परीक्षेत एम.सीएच.च्या जागांना जातीचे आरक्षण नाही. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर आपली मते ठाम आहेत, पण तो वाद इथे नको. मुद्दा एवढाच, की गुणांच्या यादीत आपला क्रमांक आला की महाविद्यालयांची पसंती थोड्या दिवसांत भरावी लागते. त्या वेळी धावत सुटून उपयोग नाही.

पसंती भरताना बहुतेक मुले नावाकडे पाहतात. कुणी केंद्र सरकारची एन.आय.आर.एफ. क्रमवारी दाखवतो. ती खोटी नाही. पण ती सगळ्या महाविद्यालयाचे मोजमाप करते, त्यात संशोधन येते, जनमानसातली प्रतिमाही येते. त्या महाविद्यालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी स्वतःच्या हाताने काय करतो, हे त्या यादीत कुठेच लिहिलेले नसते.

नाव कसे तयार होते याचे चांगले उदाहरण मुंबईतच आहे. परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय 1926 पासून चालू आहे. हे महापालिकेचे रुग्णालय आहे, पंचतारांकित नव्हे. गावोगावचे रुग्ण तिथे येतात, खाट नसेल तर जमिनीवर झोपतात. त्याच रुग्णालयातले डॉ. अतुल गोएल यांनी मानेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्याचा सांधा पट्टी आणि स्क्रूने बसवण्याची पद्धत 1994 मध्ये युरोपातल्या मासिकात प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी तीत बदल केला आणि आज जगभर ती गोएल-हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते. सर्वसामान्यांच्या रुग्णालयातून हे काम झाले, कारण असे रुग्ण तिथे सतत येत होते आणि त्यांच्यावर विचार करणारे डोके तिथे होते. रुग्ण आणि गुरू हे दोन्ही एका ठिकाणी असले की विभागाचे नाव होते. त्याआधी 1949 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चंडी यांनी देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभा केला. ते कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आले होते. बाबासाहेबांनीही कोलंबिया विद्यापीठाची आठवण काढताना ड्यूई, सेलिग्मन अशा आपल्या प्राध्यापकांचीच नावे घेतली होती.

पण गुरूच्या नावाचाही एक धोका आहे. गुरू निवृत्त होतो, दुसरीकडे जातो. त्याचे नाव मात्र त्या विभागाला पुढे कितीतरी वर्षे चिकटून राहते. म्हणून आज तिथे कोण शिकवते, त्यातले कायम किती आणि कंत्राटी किती, हे विचारावे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. चाकू कुणाच्या हातात असतो? प्रत्येक विद्यार्थ्याला लॉगबुक ठेवावे लागते. कोणती शस्त्रक्रिया झाली आणि तीत आपण नुसते उभे होतो, मदत केली, की वरिष्ठाच्या देखरेखीखाली स्वतः केली, याची नोंद त्यात असते. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना प्रेमाने विचारले तर ते खरे सांगतात. काही खाजगी रुग्णालयांत यंत्रे उत्तम असतात, पण पैसे भरणारा रुग्ण मोठ्या डॉक्टरांच्या नावावर आलेला असतो, आणि तीन वर्षे मुलगा टाके घालत राहतो. काही सरकारी विभागांत याच्या उलट होते. पहिल्याच वर्षी पोराच्या हातात ड्रिल येते, रात्रीत दोन-दोन कवट्या तो उघडतो, पण शेजारी कुणी नसते. ‘तिथे खूप हात बसतो’ असे मुले कौतुकाने सांगतात. हात बसतो हे खरे. पण चुकीचा हात बसला तर तो आयुष्यभर तसाच राहतो, आणि ज्या रुग्णावर तो बसला तो बहुधा आपल्यातलाच कुणी गरीब असतो. या दोन टोकांच्या मधला विभाग शोधायचा. तिथे वरिष्ठ हातमोजे घालून समोर उभा राहतो, पण चाकू विद्यार्थ्याच्या हातात देतो.

रुग्ण किती येतात यापेक्षा ते कशाकशाचे येतात हे पाहावे. नुसत्या अपघाताच्या केसेस असतील तर मेंदूतली गाठ, रक्तवाहिनीचा फुगा, लहान बाळाच्या डोक्यातले पाणी, मणक्याचे विकार, दुर्बिणीतून नाकावाटे काढायची पिट्युटरीची गाठ हे सगळे पुस्तकातच राहते. ऑपरेशनचे टेबल आठवड्यात किती दिवस मिळते तेही विचारा. मायक्रोस्कोप चालू आहे की वर्षभरापासून कापड टाकून ठेवला आहे? एम.आर.आय. आत आहे की रुग्णाला बाहेर पाठवतात? आय.सी.यू.त न्यूरोसर्जरीला खाटा किती मिळतात?

ही माहिती कुठे मिळेल, असे पालक विचारतील. आपली माणसे मोठमोठ्या रुग्णालयांत आहेत. कुणी सफाई कामगार आहे, कुणी वॉर्डबॉय, कुणी आया, कुणी सिस्टर. रात्री फोन केल्यावर कोणता प्राध्यापक येतो आणि कोणता ‘सकाळी बघू’ म्हणतो, कुणाच्या हाताखालची पोरे रडतात आणि कुणाच्या हाताखालची शिकतात, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. माहितीपुस्तिकेवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या संस्थेपेक्षा रात्रपाळीच्या मावशीचा शब्द मी तरी अधिक मानीन. त्यांना संकोच न करता विचारा. शेवटच्या तीन-चार तुकड्यांतून बाहेर पडलेले डॉक्टर आज कुठे आहेत, एकटे ऑपरेशन करतात की पुन्हा कुणाकडे शिकायला बसले आहेत, तेही पाहा. कुणी मध्येच जागा सोडून गेले असेल तर का गेले, हे जरूर काढून घ्या.

कारण वॉर्डातली वागणूक हाही शिक्षणाचाच भाग आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी आत्महत्या केली. आदिवासी घरातली, जळगाव जिल्ह्यातली मुलगी. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्या विभागाचे नाव कागदावर चांगलेच असेल, पण तिच्या आईला त्याचा काय उपयोग? म्हणून आपल्या समाजातल्या, आदिवासी समाजातल्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा. कोटा, आडनाव, गाव यांवरून टोमणे मारतात का? टेबलावर पाळी येते तेव्हा कुणाला मागे ठेवले जाते का? तक्रार केली तर ऐकणारे कुणी आहे का? मुलीसाठी रात्रपाळीची वेगळी खोली आणि आतून कडी लागणारे स्नानगृह आहे का, हा प्रश्न क्षुल्लक समजू नये.

कामाच्या तासांचेही तसेच. रुग्णालयातच राहून शिकायचे म्हणून ‘निवासी’. ही रीत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1889 नंतर डॉ. हॉलस्टेड यांनी घातली, आणि ते स्वतः कोकेन व मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेले होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी निवासी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दगावली. तेव्हा त्यांच्या थकव्याची चर्चा झाली आणि पुढे 1989 मध्ये तिथे आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. आपल्याकडे 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम 12 तासांपेक्षा जास्त नको असे लिहिलेले आहे. न्यूरोसर्जरीत ते कुणी पाळते असे सांगणारा निवासी डॉक्टर मला अजून भेटायचा आहे. काम अवघड आहे, थोडी झीज सोसावी लागणारच. पण 36 तास न झोपलेल्या हाताने मेंदूला स्पर्श करणे यात शौर्य नाही.

पैशाचे आणि बाँडचे कागद आई-वडिलांनी स्वतः बसून वाचावेत, इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यावेत. सरकारी ठिकाणी विद्यावेतन मिळते, पण ते दरमहा वेळेवर येते की तीन-तीन महिने थकते हे विचारावे. शिक्षणानंतर किती काळ सरकारी सेवा सक्तीची आहे आणि ती न केल्यास दंड किती, हे राज्याराज्यात निराळे आहे. महाराष्ट्रात सुपरस्पेशालिटीचा हा दंड कोटींच्या घरात जातो. जागा मध्येच सोडली तर काय भरावे लागते तेही त्याच कागदात असते. प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयात जमा होतात आणि ती पुष्कळदा शेवटपर्यंत तिथेच राहतात. तेव्हा त्यांच्या साक्षांकित प्रती, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रतींसह, दोन संच करून घरच्या पेटीत ठेवावेत.