लाटेवर स्वार इलेक्ट्रॉन

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला जमिनीखाली ३.२ किलोमीटर लांबीचा एक सरळसोट त्वरक आहे. १९६६ पासून त्यातून इलेक्ट्रॉन धावू लागले आणि पुढे त्यांची ऊर्जा ५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत गेली. ही लांबी हौसेची नव्हती. तांब्याच्या पोकळ्यांमधलं विद्युत क्षेत्र मीटरला काही कोटी व्होल्टच्या पलीकडे ताणलं, की ठिणग्या उडू लागतात. मग धक्के बेतानं द्यायचे आणि वाट लांबवायची, एवढंच हाती उरतं.

प्लाझ्माला ही भीती नाही. त्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन आधीच सुटलेले असतात. आणखी बिघडायचं काय! १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी नेमका याचाच फायदा घ्यायचं सुचवलं. लेसरचा अतिशय तोकडा स्पंद प्लाझ्मात शिरला, की वाटेतले हलके इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात. जड आयन मात्र जागचे हलत नाहीत आणि त्यांच्या ओढीनं इलेक्ट्रॉन परत फिरतात. खाडीतून लाँच गेल्यावर तिच्या मागे उठावी, तशी एक लाट स्पंदामागे पळू लागते. या लाटेतलं विद्युत क्षेत्र मीटरला शंभर अब्ज व्होल्टच्या घरात जातं. योग्य जागी सापडलेला इलेक्ट्रॉन तिच्यासोबत रेटला जातो.

पण तेव्हा तसा लेसर होता कुठे? तो रस्ता १९८५ मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात मोकळा झाला. डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी स्पंद आधी ताणला, मग त्याची ऊर्जा वाढवली आणि शेवटी तो पुन्हा आवळला. त्यामुळे यंत्रातलं काच-सामान जळून जाण्याचा धोका टळला. २०१८ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

तरी कितीतरी वर्षं बाहेर पडायची ती इलेक्ट्रॉनांची नुसती झुंबड, प्रत्येकाची ऊर्जा निराळी. २००४ च्या सप्टेंबरात ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात जवळपास सारख्या ऊर्जेचे झोत दाखवले. २००६ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेनं ३.३ सेंटिमीटरमध्ये १ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट गाठले. २०१९ मध्ये २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्ज.

म्हणून स्टॅनफर्डचा त्वरक भंगारात काढायला निघणं उतावीळपणाचं ठरेल. वीस सेंटिमीटर ही फक्त प्लाझ्माची लांबी. लेसरला अख्खं दालन लागतं, आणि बर्कलीचा लेसर सेकंदाला एकच स्पंद सोडतो. उच्चांकापेक्षा हॅम्बुर्गच्या चमूनं २०२० मध्ये मांडलेलं काम अधिक मोलाचं वाटतं: एका दिवसाहून जास्त वेळ यंत्र सलग चालवून त्यांनी एक लाख झोत काढले.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रश्नच वेगळा होता. विद्युत क्षेत्रानं फक्त भारित कण पळवता येतात. मग भार नसलेल्या अणूंना वेग कसा द्यायचा? तिथल्या संशोधकांनी आर्गॉन अणूंच्या पुंजक्यांवर लेसर सोडला. पुंजके फुटून वेगवान आयन उडाले आणि भोवतालच्या उत्तेजित अणूंकडून इलेक्ट्रॉन उचलून, वेग जवळजवळ न गमावता, उदासीन झाले. हे काम २०१३ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये आलं. अशा अणूंना वाटेतलं कुठलंही विद्युत क्षेत्र वळवू शकत नाही, त्यामुळे सूक्ष्म कोरीवकामासाठी ते उपयोगी पडतील असं त्या संशोधकांना वाटतं.